होतो की!

गेल्या महिन्यात एका मित्राकडे गणपतीला गेलो होतो. बेसमेंटमध्ये आरती झाली, कागदी ताटल्यांमधून उकडीचे मोदक फिरले, आणि मी कोपऱ्यात तुपाची बोटं कुठे पुसावीत या विवंचनेत असताना मित्राचा मुलगा शेजारी येऊन बसला. नुकताच कॉलेजला गेलेला, अंगात झब्बा आणि डोक्यावर रेड सॉक्सची, म्हणजे बॉस्टनच्या आमच्या बेसबॉल टीमची, टोपी. आरतीपुरती काढलेली टोपी त्याने पुन्हा चढवली होती. म्हणाला, "काका, बाबा म्हणत होते, २०१८च्या यांकीज सिरीजला तुम्ही फेनवेत होता? संडे नाइटला?" फेनवे म्हणजे रेड सॉक्सचं मैदान आणि न्यूयॉर्कचे यांकीज म्हणजे त्यांचे जुने वैरी. मी म्हणालो, "होतो की!" त्याचे डोळे मोठे झाले. "शेवटी कसलं वातावरण असेल ना!" मी मान हलवली आणि म्हणालो, "विचारू नकोस." त्याला ते कौतुकाचं वाटलं. माझ्यासाठी ती शब्दशः विनंती होती.

कारण शेवटी मी नव्हतो.

म्हणजे होतो, पण नव्हतो. घरी परतताना गाडीत बायको म्हणाली, "खरं सांगायला काय झालं होतं?" काहीच झालं नव्हतं. सात वर्षांपूर्वीची एक बेसबॉल मॅच, तीही साखळीतली. पण "होतो की" हे दोन शब्द त्या रात्रीपासून दातात अडकलेल्या सुपारीसारखे बोचतायत. माझ्या जागी बाबा असते तर त्यांनी असं उत्तर दिलंच नसतं. त्यांनी वही दाखवली असती.

त्या वर्षी उन्हाळ्यात बाबा तीन महिने आमच्याकडे राहायला आले होते. बाबा सांगलीचे, म्हणजे विजय हजारेंच्या गावचे. हे ते पहिल्या पाच मिनिटांत कुणालाही सांगतात, आमच्या इथल्या, न्यूटनच्या लायब्ररीतल्या बाईंनाही सांगून झालं होतं. स्वतः ते फारसे खेळले नाहीत. पण नोकरी सांभाळून तीस-एक वर्षं त्यांनी स्थानिक मॅचेसचं स्कोअरिंग केलं. रविवारी सकाळी सायकल, कॅरिअरला लांबडं स्कोअरबुक, खिशात निळं आणि लाल अशी दोन पेनं. मी लहान असताना त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसायचो. निर्धाव षटक पडलं की सहा टिंबं जोडून त्याचा 'एम' करायचे, आणि ते टिंब जोडण्याचं काम माझ्याकडे असायचं. एकदा मी पाचव्याच चेंडूनंतर उत्साहाने रेघ ओढली आणि सहाव्यावर चौकार गेला. बाबांनी काही मारलं-बिरलं नाही. त्यांनी पान नव्याने लिहून काढलं, सबंध, जेवणाच्या सुट्टीत, न जेवता.

तर असा माणूस अमेरिकेत येऊन दुपारभर सोफ्यावर बसलेला. मी त्यांना रेड सॉक्सची गोडी लावायचा प्रयत्न करत होतो आणि ते "तुमच्या तांबड्या मोज्यांचं काय झालं रे काल?" एवढ्यावर निभावून नेत होते. सीझनला एकशे बासष्ट मॅचेस असतात हे ऐकून त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मग एखादी हरली तर कुणाला काय वाटतं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं: म्हणूनच लोक मॅच मोजत नाहीत, सिरीज मोजतात. पाहुणा संघ गावात येतो, हॉटेलात उतरतो, तीन-चार दिवस रोज तुमच्याशी खेळतो आणि रविवारी चंबूगबाळं आवरून पुढच्या गावाला जातो. जाताना तो वर होता की खाली, एवढंच. बाबांना ही कल्पना मात्र पटली. "म्हणजे चार दिवसांची मॅचच की. रोज निकाल लावतात एवढंच."

गुरुवार, २ ऑगस्टला यांकीज चार मॅचेससाठी बॉस्टनमध्ये आले. तक्त्यात आम्ही त्यांच्या साडेपाच मॅचेसने पुढे होतो. बाबांनी विचारलं, "अर्धी मॅच कशी जिंकतात?" मी त्यांना जिंकलेल्यांतला फरक आणि हरलेल्यांतला फरक मिळवून निम्मा करायचं गणित सांगितलं. त्यांनी ते वर्तमानपत्राच्या कडेला करून पाहिलं, बरोबर आलं, मग त्यांचा बेसबॉलवर थोडा विश्वास बसला. पहिला दिवस टीव्हीवर. सुरुवातीला यांकीज पुढे, मग आमच्या लोकांनी जी धुलाई सुरू केली ती १५-७ला थांबली. आमच्या स्टीव्ह पिअर्सने एकट्याने तीन होमरन, म्हणजे आपले षटकारच, मारले. महिन्याभरापूर्वीच टोरांटोकडून आलेला, पस्तिशीतला, कुठल्याही ऑफिसात अकाउंट्सला शोभेल अशा चेहऱ्याचा माणूस. बाबा तिसऱ्या होमरनला झोपलेले होते.

इथे यांकीजबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर हा सगळा प्रकार पोरकट वाटेल. मी २००३च्या ऑगस्टमध्ये शिकायला बॉस्टनला आलो. समरव्हिलमध्ये एका तीन मजली लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही चौघं, खाली म्हातारा घरमालक. ऑक्टोबरात रेड सॉक्स-यांकीज सातवी, निर्णायक मॅच होती. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खालून रात्रभर येणाऱ्या आवाजांवरून ती चांगली चालली आहे हे कळत होतं. मग अकराव्या इनिंगमध्ये यांकीजच्या ॲरन बूनने आमच्या टिम वेकफील्डच्या पहिल्याच चेंडूवर होमरन मारला आणि खालचा आवाज असा बंद झाला की आम्ही दिवे घालवून झोपलो. सकाळी घरमालकाची टोपी कचऱ्याच्या डब्यावर दिसली. संध्याकाळी ती त्याच्या डोक्यावर होती. पुढच्या वर्षी याच यांकीजविरुद्ध ०-३ असे मागे पडून रेड सॉक्सनी सलग चार मॅचेस जिंकल्या, आणि मग १९१८नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सीरीज, म्हणजे अख्ख्या सीझनचं अजिंक्यपद. ज्या रात्री जिंकले त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. दुसऱ्या दिवशी म्हातारा ती टोपी घेऊन बापाच्या कबरीवर जाऊन आला. बापाच्या हयातीत हे झालं नव्हतं, म्हणून सांगायला गेला होता. त्या दिवसापासून मी या टीमचा. आणि २०१८च्या त्या वीकेंडला समोरच्या डगआउटमध्ये यांकीजचा मॅनेजर म्हणून कोण उभा होता? तोच ॲरन बून. पंधरा वर्षांनी पोट जरा सुटलेलं, पण चेहरा तोच. देव असल्या जुळवाजुळवी करतो तेव्हा मला त्याची कमाल वाटते.

शुक्रवारी बाबांनी वही काढली. माझ्या मुलीची चौकटींची गणिताची वही. बेसबॉलचं स्कोअरिंग मी त्यांना दुपारी शिकवलं होतं: प्रत्येक बॅटरला एक घर, घरात शंकरपाळ्यासारखा चौकोन, धावेल तसतशा बाजू गडद करायच्या. खेळाडूंना नावाने नाही, जागेच्या आकड्याने ओळखायचं: पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एक, कॅचर दोन, फर्स्ट बेस तीन, थर्ड बेस पाच, शॉर्टस्टॉप सहा. बॅट फिरवून चुकला तर इंग्रजी 'के', नुसता बघत राहून बाद झाला तर तोच 'के' उलटा. या उलट्या 'के'वर बाबा बेहद्द खूश झाले. "बघत राहून बाद! आमच्याकडे याला वेगळी खूण पाहिजे होती रे." पहिल्याच इनिंगमध्ये अंपायरने आमच्या मॅनेजरला, ॲलेक्स कोराला, मैदानाबाहेर काढलं, तेव्हा ते कुठे लिहायचं यावर आमची जरा वादावादी झाली. पण नंतर आमच्या रिक पोर्सेलोने जे केलं त्याने बाबा सरसावून बसले. नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या. सबंध मॅचमध्ये यांकीजला एकच हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, मिगेल अँदुहारचा होमरन, बस्स. ४-१. शेवटी बाबांनी समासातल्या रेघा मोजल्या. "शहाऐंशी चेंडू. म्हणजे चौदा ओव्हर दोन बॉल. एका टोकाने." आणि मग, जणू सांगलीच्या एखाद्या ऑफस्पिनरला पाठीवर थाप द्यावी तसं, "शाब्बास."

शनिवारची सकाळ वेगळी होती. आमच्याकडे सहा वाजता एजबॅस्टनला भारत-इंग्लंड टेस्टच्या चौथ्या दिवसाचा खेळ सुरू होत होता. आपल्याला ८४ हव्या, पाच विकेट हातात, कोहली खेळतोय. घर झोपलेलं, आवाज अगदी कमी, बाबा शाल घेऊन टीव्हीसमोर, मी आलं किसतोय. चहा गाळायच्या आतच अँडरसनने कार्तिकला काढलं. मग कोहलीला स्टोक्सने पायचीत केलं तेव्हा बाबांनी कप खाली ठेवला, आणि शेवटी पंड्या गेला. ३१ धावांनी. पहिल्या डावात १४९ आणि दुसऱ्यात ५१ करून माणूस हरतो, याचं काय करायचं? बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हरलो आपण."

त्याच दिवशी दुपारी चारची तिसरी मॅच. नेथन इव्हाल्डी, यांकीजचाच जुना पिचर, जेमतेम दहा दिवस झाले होते आमच्याकडे येऊन, त्याने आठ इनिंगमध्ये एकही रन दिला नाही. पुन्हा ४-१. मी टाळ्या पिटत होतो. बाबांनी वही मिटली आणि म्हणाले, "जिंकलात तुम्ही."

सकाळचं "आपण" आणि दुपारचं "तुम्ही". मराठीत ही सोय फार क्रूर आहे. इंग्रजीत 'वुई' म्हटलं की समोरचा आत आहे की बाहेर, ते झाकलेलं राहतं. आपल्याकडे आपण, आम्ही, तुम्ही अशा स्वच्छ तीन खोल्या आहेत आणि कोण कुठल्या खोलीत बसलाय ते तोंड उघडताच कळतं. पंधरा वर्षं या गावात राहून मी कधी रेड सॉक्सला "आपण" म्हणायला लागलो, मला आठवत नाही. सांगलीचा माणूस त्यात बसत नव्हता, हे मात्र त्या दुपारी कळलं. रागही आला, थोडा. कुणाचा, ते नाही सांगता येत.

रविवारची तिकिटं मी आधीच काढून ठेवली होती. किती डॉलर मोजले ते बाबांना अजून सांगितलेलं नाही. जागा उजवीकडच्या ब्लीचर्समध्ये, म्हणजे मैदानाच्या पार पलीकडे, पण त्याचा एक फायदा असा की दोन्ही टीमचे बुलपेन, म्हणजे राखीव पिचर हात मोकळे करतात त्या जागा, तिथेच पायाशी येतात. उकाडा मरणाचा. ऑगस्टमधली बॉस्टनची रात्र मुंबईच्या मे महिन्याला लाजवेल. सांडलेल्या बिअरचा आंबूस वास, परतलेल्या कांदा-मिरचीचा खमंग वास, पुढच्या रांगेतल्या माणसाच्या सनस्क्रीनचा वास. बाबांनी हॉटडॉगला नम्र नकार दिला पण शेंगा पाहून खुलले. "सातासमुद्रापलीकडे येऊन भुईमुगाच्या शेंगाच खायच्या होत्या होय!" सगळे टरफलं खाली टाकत होते, बाबा आपली पिशवीत भरत होते. १९१२चं मैदान आहे म्हटल्यावर त्यांनी खांब हात लावून पाहिले. समोरच्या त्या सदतीस फुटी हिरव्या भिंतीत अजून माणूस बसून हाताने आकड्यांच्या पाट्या लावतो हे कळल्यावर तर त्यांचं मॅचवरचं लक्ष थोडं उडालंच. दर इनिंगनंतर पाटी बदलली की ते वहीतला आकडा तपासून "बरोबर" म्हणत. पलीकडच्या टोकाला बसलेल्या त्या न दिसणाऱ्या माणसाशी त्यांची काहीतरी बिरादरी जमली होती.

मॅच मात्र हातातून चालली होती. आम्ही ४-१ने मागे. आठव्या इनिंगच्या मध्याला अख्खं मैदान उभं राहून ते ठरलेलं गाणं म्हणतं, तेही त्या दिवशी जरा ओढून-ताणून झालं. आणि मग आमच्या पायाशी थाप ऐकू यायला लागली. यांकीजचा ॲरोल्डिस चॅपमन, मॅच संपवायला शेवटी येणारा त्यांचा पिचर, बुलपेनमध्ये हात मोकळा करत होता. ताशी शंभर मैलांच्या वर टाकणारा माणूस टीव्हीवर पाहणं वेगळं आणि पंधरा-वीस फुटांवरून ऐकणं वेगळं. चेंडू दिसत नाही. हात खाली येतो आणि कॅचरच्या ग्लोव्हमधून आवाज येतो, ओल्या धोतराचा पिळा दगडावर आपटावा तसा. दर थापेला शेजारच्या पोरांची हुर्यो थोडी कमी होत गेली. मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून गेले होते. सोमवारी सकाळी आठला माझी मीटिंग, बाबा सत्तरीच्या पुढे, केनमोर स्टेशनवर सदतीस हजार लोक एकदम लोटले की ट्रॉलीत शिरायला अर्धा-पाऊण तास. ही सगळी कारणं खरी होती. त्यांच्या तळाशी आणखी एक होतं: मला बाबांसमोर हरायचं नव्हतं. तिन्ही दिवस मी जिंकून दाखवलं होतं, आता ते वरच्यावर झाकून न्यावं असं वाटत होतं.

"चला बाबा, चॅपमन आला म्हणजे संपलं."

"एक इनिंग राहिलीय की."

"त्यात काही होत नाही आता."

बाबांनी वहीकडे पाहिलं. नवव्या इनिंगच्या रकान्यात रिकामी घरं. "पान अर्धं राहतं रे," एवढंच म्हणाले आणि पेनांना टोपणं लावली. शेंगांची पिशवी उचलायला विसरले नाहीत.

लॅन्सडाउन स्ट्रीटवर आमच्यासारखीच शे-दीडशे शहाणी माणसं चालत होती. सॉसेजवाले गर्दीच्या तयारीत कांदा परतत होते. ब्रुकलाइन ॲव्हेन्यूचा पूल लागतो, खालून मास पाइक हायवेवरच्या गाड्या सूंऽसूं जात असतात, समोर सिटगो तेल कंपनीची ती लाल त्रिकोणाची भली मोठी पाटी. आम्ही पुलाच्या मध्यावर होतो तेव्हा पाठीमागे टाळ्या सुरू झाल्या, एका लयीत. बाबा थांबले. "कुणीतरी उभं राहिलंय." मी म्हणालो, वॉक मिळाला असेल, म्हणजे चार चेंडू बाहेर पडले म्हणून फुकटचा बेस. टाळ्या वाढल्या. पुन्हा वॉक? बाबा कठड्याला टेकले, मान एका बाजूला करून, घरी रेडिओवर कॉमेंट्री ऐकताना करायचे तशी. मग एक गर्जना आली. ती कानाला नाही, आधी हाताखालच्या लोखंडी कठड्याला आली. "मारला," बाबा म्हणाले. मी फोन काढेपर्यंत दुसरा आवाज. आधी सदतीस हजार माणसांचा एकच "ओह्", विझल्यासारखा, आणि तो पुरता विझायच्या आत त्याच्यातूनच उसळलेला कल्लोळ. बाबांनी माझा दंड धरला. "सुटला! कुणाच्या तरी हातून सुटला. आधी वाटलं गेला, आणि मग सुटला."

फोनवर ४-४ दिसत होतं.

"चल परत," म्हणाले. मी म्हणालो, एकदा बाहेर पडलं की आत घेत नाहीत. फेनवेचा नियमच आहे. त्यांना ते खरं वाटेना. "तिकीट आहे ना आपल्याकडे?" तिकीट होतं. मी ते हातात धरून उभा होतो, आणि पुलावर वारा बिलकूल नव्हता. मग खाली स्टेशनात गेलो, दोन डब्यांची ट्रॉली आली, ती डी लाइन बोगद्यातून जाते तोवर फोनला रेंज नाही. डब्यात आम्ही सात-आठ जण, सगळ्यांच्या अंगात लाल शर्ट, सगळे आपापल्या फोनकडे बघतायत, कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नाही. दुखवट्याला चुकीच्या घरी आल्यासारखे. पुढच्या थांब्याजवळ ट्रॉली जमिनीवर आली आणि सगळ्यांचे फोन जवळपास एकदम थरथरले. दहाव्या इनिंगमध्ये बेनिनटेंडीच्या हिटवर ५-४. चारच्या चार. साडेपाचाचे साडेनऊ झाले. कुणीतरी क्षीणपणे "येऽ" केलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं? जिंकलो आपण?"

मी हो म्हणालो. तो शब्द माझ्या लक्षात आला होता, पण त्या क्षणी मला त्याचं काही करता येईना.

घरी येऊन मी उभ्याउभ्याच सगळे हायलाइट्स पाहिले. चॅपमनने वॉक देऊन बेस भरून दिले होते, मार्टिनेझच्या हिटवर दोन आले, मग बोगार्ट्सचा साधा जमिनीवरचा फटका, थ्रो सरळ गेला असता तर खेळ तिथेच खलास. बाबांना म्हणालो, या, वही आणा, बघून भरून टाकू नववी. ते दूध पीत होते. म्हणाले, "जे बघितलं नाही ते लिहीत नसतात." मी म्हणालो टीव्हीवर दोन्ही दिवस लिहिलंत की. "ते चालू असताना लिहिलं." विषय संपला. सप्टेंबरात ते सांगलीला परतले. त्या वर्षी रेड सॉक्स १०८ मॅचेस जिंकले, ऑक्टोबरात वर्ल्ड सीरीजही घेतली, आणि त्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला तो अकाउंट्सवाला पिअर्स. त्या अंतिम विजयाच्या रात्री मी शेवटच्या चेंडूपर्यंत जागा होतो, घरात, उभा राहून. त्यातलं मला आज फारसं आठवत नाही. आठवतो तो कठडा.

गणपतीहून आल्यावर मी माळ्यावरचं खोकं काढलं. वही मुलीच्या जुन्या पुस्तकांत होती. रविवारचं पान निळ्या-लाल रेघांनी गच्च, उलटे 'के' अगदी छापल्यासारखे, आणि नववीचा रकाना कोरा. कोरा म्हणजे घरं कोरी. खालच्या समासात पेन्सिलीने, बाबांच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात एक ओळ होती, जी मी पूर्वी पाहिली नव्हती: "पुलावरून – टाळ्या (बराच वेळ). मोठी आरोळी १. 'ओह्' व लगेच आरोळी १. पुढे बोगदा."

सांगलीत सकाळ झालेली होती, फोन लावला. बाबांना आता ऐकू कमी येतं, ओरडून बोलावं लागतं. गणपतीतला प्रसंग सांगितला, मुलाने काय विचारलं आणि मी काय म्हणालो, तेही. ते त्यावर काही बोलले नाहीत. पलीकडे कपबशीचा आवाज आला.

"तो सुटला होता, ते कुणाच्या हातून रे? तू सांगितलंच नाहीस कधी."

मी सांगितलं. थर्ड बेसवरून थ्रो आला, टप्पा पडून आला, फर्स्ट बेसवरच्या बर्डला घेता आला नाही.

"थर्ड बेसला कोण?"

"अँदुहार."

"शुक्रवारी एकट्यानं मारला होता, तो?"

"तोच."

"अरे अरे," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "चूक कुणाच्या नावावर लावली?"

"थ्रो टाकणाऱ्याच्या."

"हं," म्हणाले. "घेणाऱ्यानं घ्यायला पाहिजे होता."